चित्रातला घोडा आणि टेबलावरचे विमान

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूहून वेगळी असूनही तिच्यासारखी असणारी वस्तू. व्याख्या सोपी वाटते, पण तिच्यातल्या ‘असूनही’ या एका शब्दावर न्याय, मीमांसा, बौद्ध आणि काव्यशास्त्र अशा चार परंपरांत शतकानुशतके वाद झाला. वेगळेपण हा सारखेपणातला दोष आहे की सारखेपणाची अटच? या प्रश्नाची उदाहरणे जुन्या ग्रंथांत गाय, गवय, घोडा, रथ आणि नट यांची आहेत. आजच्या काळातले तितकेच नेमके उदाहरण हवे असेल, तर ते पहिल्या महायुद्धातल्या एखाद्या लढाऊ दुपंखी विमानाची मोजमाप धरून केलेली प्रतिकृती हे होय.

असे एक विमान मराठी वाचकाच्या जवळचे आहे. मुंबईचे श्रीकृष्ण चुंदा वेलिणकर हे केंब्रिजला शिकलेले तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये वैमानिक होते. जून १९१८ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवर त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या सोम प्रांतात, हँगार गावच्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. त्या स्क्वाड्रनकडे तेव्हा सॉपविथ डॉल्फिन ही एकासनी लढाऊ विमाने होती. डॉल्फिनची घडण जरा चमत्कारिक आहे. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्याच्या पुढे असतो, इथे तो मागे आहे. वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट आहे आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून वर निघते. त्याला वरचे आभाळ मोकळे दिसे. विमान उतरताना पालथे झाले तर मात्र सगळ्यांत आधी जमिनीला लागणारी वस्तू म्हणजे त्याचे डोके, ही भीती वैमानिकांमध्ये होती, आणि म्हणून काही विमानांवर वरच्या बाजूला संरक्षक चौकट बसवली गेली.

डॉल्फिनच्या पंखांचा विस्तार ९.९१ मीटर, लांबी ६.७८ मीटर. प्रतिकृतीकारांच्या १:४८ या रूढ प्रमाणात विस्तार २०६ मिलिमीटर होतो आणि लांबी १४१. टेबलावर वहीएवढ्या जागेत मावेल अशी वस्तू. इथपर्यंत केवळ भागाकार आहे. अडचणी त्यानंतर सुरू होतात.

पहिली अडचण खुद्द प्रमाणाची. लांबी ४८ पट कमी झाली की पृष्ठभाग २,३०४ पट कमी होतो आणि घनफळ १,१०,५९२ पट. भरलेल्या अवस्थेत सुमारे ८९० किलो वजनाचे हे विमान खरोखर सर्वांगाने लहान झाले, तर त्याचे वजन आठ ग्रॅम भरेल. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच चालीने आटत नाहीत, म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे लहान प्राण्याच्या हाडांची नुसती वाढवलेली आवृत्ती असू शकत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले. विमानालाही तोच नियम लागू आहे. म्हणजे सर्व गुणांत एकाच वेळी ‘प्रमाणात’ असलेली प्रतिकृती ही कल्पनाच आतून विसंगत आहे. प्रतिकृतीकार एक गुण निवडतो, तो म्हणजे लांबी. बाकीचे गुण त्या निवडीपोटी सोडून दिले जातात.

भारतीय शिल्पशास्त्रात प्रमाणाचा विचार दुसऱ्या टोकाने झाला. तिथले माप ताल. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळे. कोणती मूर्ती दशताल, कोणती नवताल, कोणती पंचताल हे ठरलेले असते. गणेश पंचतालात येतो, म्हणून तो बुटका आणि लंबोदर दिसतो. हे माप मूर्तीच्या आतले आहे. मूर्ती अंगठ्याएवढी असो वा पुरुषभर उंच, ताल बदलत नाही, कारण तिचे माप बाहेरच्या कोणत्या मूळ देहाशी जोडलेलेच नाही. विमानाच्या प्रतिकृतीत मात्र सगळे माप बाहेरून येते. मूळ हातातून निसटले की तिची फूटपट्टीच हरवते. प्रतिमा आणि प्रतिकृती हे शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो, पण त्यांच्यातला पहिला फरक इथे आहे.

या दोन पद्धतींच्या मध्ये कुठेतरी दिवाळीचा किल्ला बसतो. मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली ही प्रतिकृती प्रमाणाचे सगळे नियम मोडते. बुरूज वीतभर, महादरवाजा चार बोटांचा, आणि सिंहासनावरचे शिवाजी महाराज त्या दरवाजातून आडवे केले तरी आत जाणार नाहीत एवढे. मावळा बुरुजाच्या निम्म्याने उंच असतो. उतारावर पेरलेले अळीव उगवले की ते गवत कमी आणि जंगल जास्त वाटते. तरीही शेजारच्या गल्लीतला मुलगा येऊन ‘हा राजगड ना?’ असे विचारतो आणि बहुधा त्याचा अंदाज बरोबर निघतो. तीन माच्या आणि वर बालेकिल्ला दिसला की पुरे. प्रमाण चुकले आणि सादृश्य साधले, असे इथे घडते.

ही दोन वेगळी आहेत हे जुन्या शास्त्रकारांना ठाऊक होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रावर यशोधराची ‘जयमंगला’ नावाची टीका आहे. तिच्यात चित्रकलेची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. प्रमाण आणि सादृश्य यांना दोन स्वतंत्र जागा दिल्या आहेत, ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. माप बरोबर असणे म्हणजेच सारखे दिसणे असते, तर सहाची पाच अंगे झाली असती.

विमानाच्या पंखावर हा भेद डोळ्यांनी दिसतो. डॉल्फिनचे पंख लाकडी फासळ्यांवर ताणलेल्या लिननच्या कापडाचे. कापडावर डोप नावाचा द्रव फासला की ते आवळून ढोलकीच्या पुडीसारखे ताणते. प्रत्येक फासळीवर शिवण, आणि शिवणीवर एक अरुंद पट्टी चिकटवलेली. त्या पट्टीचा उंचवटा मुळात मिलिमीटरभर धरला, तरी १:४८ मध्ये तो ०.०२ मिलिमीटर होतो. रंगाचा एक हात त्याहून जाड बसतो. तेव्हा मापाने अचूक पट्टी केली तर ती रंगाखाली गडप होते आणि पंख गुळगुळीत प्लॅस्टिकचा दिसतो. म्हणून किट बनवणारे कारखाने पट्ट्या अवाच्या सव्वा जाड करतात, फासळ्यांमधले कापड खोलगट दाखवतात, आणि जाणकार त्यावर नाक मुरडतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. एकाने सादृश्य धरले, दुसऱ्याने प्रमाण.

ताणतारांचे तसेच. दुपंखी विमानाचे दोन पंख खांबांनी दूर ठेवलेले आणि तारांनी जवळ ओढलेले असतात. काही तारा उड्डाणात पंखांना वर दुमडू देत नाहीत, काही जमिनीवर त्यांना खाली लोंबू देत नाहीत. ब्रिटिश विमानांतल्या या तारा गोल नसून चपट्या, दोन्ही कडांना निमुळत्या छेदाच्या असत, म्हणजे वारा कापला जाई. अशी तार सहा मिलिमीटर रुंद धरली, तर १:४८ मध्ये ती मिलिमीटरचा आठवा भाग होते, माणसाच्या केसाहून जेमतेम जाड. प्रतिकृतीकार तिच्यासाठी लवचीक धागा, मासेमारीची बारीक तंगूस किंवा किटच्या सांगाड्याचा प्लॅस्टिकचा दांडा मेणबत्तीवर तापवून ओढलेली तार वापरतात. कोकण किनाऱ्यावरच्या दिघीसारख्या गावात तंगूस शोधावी लागत नाही. मात्र मासळीला धरणारी तंगूस इथे काहीच धरत नाही. प्रतिकृतीचे पंख डिंकावर उभे आहेत. सगळ्या तारा काढून घेतल्या तरी ते पडणार नाहीत.

इथे धर्मकीर्तीचा निकष आठवतो. सातव्या शतकातल्या या बौद्ध तत्त्वज्ञाच्या मते खरी वस्तू ती, जी आपले काम करते. त्याला तो अर्थक्रिया म्हणतो. जाळते ती आग. चित्रातली आग जाळत नाही. या निकषावर टेबलावरची तार ही तार नाही, पंख हा पंख नाही आणि विमान हे विमान नाही. पण निकष तेवढ्यावर थांबत नाही. चित्रातली आग जाळत नसली तरी दिसते, आणि दिसणे हेही एक काम आहे. मूळ तारेचे काम पंख धरणे, प्रतिकृतीतल्या तारेचे काम पंख कसे धरले होते हे दाखवणे. तार चुकीच्या खांबाला बांधली, तर मूळ विमानात पंख मोडेल आणि प्रतिकृतीत खोटे सांगितले जाईल. काम बदलले, पण काम आहे.

सादृश्याची व्याख्या नैयायिकांनी नेमकी केली: एखाद्या वस्तूहून भिन्न असणे आणि तरी तिच्यातले पुष्कळसे धर्म अंगी असणे. भिन्नता ही त्या व्याख्येत पहिली अट म्हणून येते. गाय गाईसारखी असते असे कोणी म्हणत नाही. पुष्कळसे म्हणजे किती आणि कोणते, याचे उत्तर मात्र व्याख्येत नाही, आणि प्रतिकृतीकाराचे सगळे कसब त्या मोकळ्या जागेत खर्च होते.

कोणत्या अंतरावरून पाहायचे, हेही त्याच जागेत ठरते. १:४८ ची प्रतिकृती हातात धरून ३० सेंटिमीटरवरून पाहिली, तर ते मूळ विमान १४.४ मीटरवरून पाहिल्यासारखे आहे. त्या अंतरावरून शिवणीचा टाका कोणाला दिसणार? आणि हवा मध्ये आल्यामुळे रंगही थोडा फिका पडणार. म्हणून अनुभवी प्रतिकृतीकार मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. दिघीच्या धक्क्यावर उभे राहून राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या जंजिऱ्याकडे पाहिले की हा हिशेब विनासायास कळतो. एक किलोमीटरवरचा कोणताही बुरूज डोळ्याला हातभर अंतरावरच्या १:२००० प्रतिकृतीएवढाच दिसतो. काळा दगड दुपारच्या दमट हवेत राखाडी होतो, तटाच्या जंग्या पुसल्या जातात. समुद्रानेच केलेला दिवाळीचा किल्ला म्हणावा तसे ते दृश्य असते. होडीतून जवळ गेले की दगड पुन्हा काळा होतो. मग जंजिऱ्याचा खरा रंग कोणता, असे कोणी विचारत नाही. दोन्ही अंतरे उपलब्ध आहेत, हवे ते घ्यावे.

१९१८ च्या विमानाबाबत ही सोय नाही. जवळ जाता येत नाही.

ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पीसी-१० नावाचा संरक्षक रंग असे. त्यात प्रामुख्याने पिवळी माती आणि थोडी काजळी. त्याचा नेमका रंग तपकिरी की हिरवा, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. मातीचे रंगद्रव्य खाणीगणिक बदलते, वार्निश नवे असताना वेगळे आणि जुने झाल्यावर वेगळे दिसते. जे कापडाचे तुकडे उरले आहेत त्यांच्यावर शंभरहून अधिक वर्षांचा काळ चढला आहे, आणि त्या काळातली छायाचित्रे कृष्णधवल आहेत. कापडाचा ताणही हवेच्या ओलीबरोबर बदलत असे. कोकणात ज्याने पावसाळ्यात रंगकाम केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जुलैत दिघीच्या किनाऱ्यावर लॅकरचा हात दिला तर वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते, कारण हवेतले पाणी रंगात अडकते. डोप लावणाऱ्या कारागिरांना हाच त्रास होता. तेव्हा प्रतिकृती कोणत्या विमानाची, या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा असतो: त्या विमानाच्या कोणत्या दिवसाची?

मूळ कोणीच पाहिलेले नसेल तर अनुकरण कसले? हा आक्षेप नवा नाही. तो काश्मीरमध्ये हजारएक वर्षांपूर्वी एका नाट्यशास्त्रीय वादात पुढे आला, आणि या विषयावर भारतीय विचारात त्याहून खोल काही असेल तर ते शोधून काढावे लागेल. वाद असा. रंगभूमीवर नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला नेमके काय कळते? शंकुकाचे उत्तर चित्रतुरगन्याय या नावाने प्रसिद्ध आहे. तुरग म्हणजे घोडा. भिंतीवरचा घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते यथार्थ ज्ञान नाही, कारण तिथे घोडा नाही. तो भ्रम नाही, कारण कोणी त्यावर खोगीर चढवायला जात नाही. हा घोडा असेल की नसेल, असा संशयही नाही. आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ असे सादृश्यज्ञानही नाही, कारण आपण सरळ ‘घोडा’ म्हणतो. या चारांहून वेगळी अशी ती पाचवी प्रतीती आहे. नटात रामाची प्रतीती येते ती अशी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शंकुकाचे हे मत सांगताना नेमक्या याच चौघांना बाजूला सारले आहे.

टेबलावरच्या प्रतिकृतीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पाहणारा ‘ही डॉल्फिन’ म्हणतो, ‘ही डॉल्फिनसारखी’ असे म्हणत नाही. तो फसलेलाही नसतो. लहान मूल ती हातात घेऊन तोंडाने आवाज काढत हवेत फिरवते तेव्हासुद्धा त्याला ती खरी वाटत नसते. खरी वाटली असती तर त्याने तोंडाने आवाज काढला नसता.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी शंकुकावर हल्ला चढवला तो याच ठिकाणी. त्यांचे म्हणणे, अनुकरण ओळखायचे तर अनुकार्य आधी पाहिलेले असावे लागते. रामाला पाहिलेला एकही प्रेक्षक सभागृहात नाही. मग नट रामाचे अनुकरण करतो हे त्याला कळले कसे? हा युक्तिवाद विमानावर आणला तर तो जिव्हारी लागतो. १९१८ च्या आभाळातली डॉल्फिन पाहिलेला माणूस आज जिवंत नाही. प्रतिकृतीकार जे समोर ठेवतो ते विमानाचे अनुकरण नसून आराखडे, छायाचित्रे, कारखान्यांच्या नोंदी आणि वैमानिकांच्या आठवणी यांची एकवाक्यता आहे. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर इथे प्रत्यक्ष नाही, उपमानही नाही. उपमानाचे रूढ उदाहरण नागरिकाचे: रानातला माणूस त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो, पुढे रानात तसा पशू दिसतो आणि त्याला ‘गवय’ या शब्दाचा अर्थ उमगतो. त्या नागरिकाने गाय पाहिलेली होती. विमान पाहणाऱ्याने गायही पाहिलेली नाही आणि गवयही. त्याच्याकडे फक्त रानातल्या माणसाचे बोलणे आहे. प्रतिकृती ही म्हणून शब्दप्रमाणाची घनरूप आवृत्ती ठरते. ती जितकी विश्वासार्ह, तितके तिचे साक्षीदार विश्वासार्ह. एखादी प्रतिकृती मन लावून केलेली आहे असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तिच्या कर्त्याने साक्षी नीट तपासल्या, असे म्हणत असतो.

मूर्तीचे तसे नाही. पेणच्या कारखान्यांत साच्यातून निघणारा गणपती कोणाच्या साक्षीवर उभा नसतो. हजारो मूर्ती एका साच्याच्या असतात, त्यांतली मूळ कोणती हा प्रश्न निरर्थक आहे. घरी येऊन प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आहे, विसर्जनाच्या अक्षता पडल्या की पुन्हा माती. मधल्या दीड, पाच किंवा दहा दिवसांत तिथे देव आहे, आणि तो सारखेपणामुळे आलेला नाही. सुपारीचाही गणपती होतो. सोंड नाही, कान नाही, तरी पूजेत काही उणे राहत नाही. प्रतिकृतीत सादृश्य असते, सान्निध्य नसते. प्रतिमेत सान्निध्य असते, सादृश्य असले तर असते.

दिघीच्या दक्षिणेला बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगरला जाता येते. तिथल्या सुपारीच्या बागेत १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला. गाव महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला आणि चोरांनी तो वितळवला. पुढे सोने हाती लागले ते लगडीच्या रूपात. न्यायालयीन सोपस्कारांनंतर त्यातून मुखवटा पुन्हा घडवण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, अंगारकी चतुर्थीला, त्याची प्रतिष्ठापना झाली. हा तोच गणपती की त्याची प्रतिकृती?

द्रव्य तेच आहे, निदान बरेचसे. आकार तसाच आहे, तोच नाही. वैशेषिकांच्या मते अवयवांच्या जुळणीतून अवयवी नावाची एक नवी, स्वतंत्र वस्तू जन्मते. जुळणी मोडली की ती नष्ट होते, आणि त्याच द्रव्यातून पुन्हा घडवले तर दुसरी जन्मते. त्यांच्या हिशेबाने जुना मुखवटा मुशीत संपला. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिनांडर राजाला रथाच्या दृष्टान्ताने सांगितले ते याच्या उलट. चाक रथ नाही, आस रथ नाही, त्यांची बेरीजही रथ नाही, रथ हा व्यवहारासाठी घेतलेला शब्द आहे. मग ‘तोच की दुसरा’ हा वादच उरत नाही. आगमांची वाट तिसरी आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत जुन्या मूर्तीतले देवत्व मंत्रांनी कलशातल्या पाण्यात आणतात आणि तिथून नव्या मूर्तीत स्थापतात. एकपण धातूतून वाहत नाही, आकारातूनही नाही, विधीतून वाहते. दिवेआगरच्या भाविकांना वैशेषिक सूत्रे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ‘बाप्पा परत आले’ हे त्यांचे म्हणणे आगमाला धरूनच आहे.

विमानांना असा कलश नसतो, म्हणून संग्रहालये अडचणीत येतात. लंडनमध्ये हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात एक डॉल्फिन आहे. ती निरनिराळ्या डॉल्फिन विमानांच्या उरलेल्या तुकड्यांना नव्या भागांची जोड देऊन उभी केलेली. तिला मूळ म्हणावे, तर या रूपात ती १९१८ मध्ये कधीच नव्हती. प्रतिकृती म्हणावे, तर तिच्या सांगाड्यात १९१८ चे लाकूड आणि धातू आहेत. भारतीय वायुसेनेचे पहिले विमान वेस्टलँड वापिती. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा तिच्याकडे चार वापिती विमाने होती. या विमानाची रचना करताना अटच अशी होती की आधीच्या डीएच-९ए या विमानाचे शिल्लक भाग शक्य तितके वापरावेत. म्हणजे कारखान्यातून निघालेले नवे कोरे वापितीसुद्धा अंशतः दुसऱ्या विमानाच्या अवयवांचे होते. तिथे नागसेनाला हसू आले असते. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक वापिती उभे आहे, आणि त्याच्यापुढे उभे राहणारा माणूस वैशेषिक आहे की बौद्ध, हे तो फलकावरचा ‘मूळ’ हा शब्द कसा वाचतो त्यावरून कळावे.

उरला तो प्रश्न नीतीचा. डॉल्फिन हे मारण्याचे यंत्र होते. पुढे दोन व्हिकर्स मशीनगन, आणि वर आभाळाकडे रोखलेल्या दोन लुईस. या लुईस पुष्कळदा काढून टाकल्या जात, कारण त्या वळून वैमानिकाच्याच तोंडावर आपटत. हौसेने, महिनोन्‌महिने खपून अशा यंत्राची बंदूक नळीच्या भोकासकट घडवणे यात काही दोष आहे का? खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तिथे शस्त्र हे देवीचे रूप आहे, निदान त्या दिवसापुरते.

जैन परंपरेने मात्र तो अगदी टोकाला नेऊन विचारला आहे, आणि तोही प्रतिकृतीच्याच गोष्टीतून. सोमदेवाने इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ लिहिले. त्याचा नायक यशोधर राजा (चित्रकलेची सहा अंगे सांगणाऱ्या टीकाकाराशी याचा नावापलीकडे संबंध नाही) अहिंसा सोडू इच्छित नाही, पण आईचा आग्रह मोडवत नाही. म्हणून तो खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीला बळी देतो. एकाही जिवाला इजा झाली नाही. तरी माय-लेकरांना त्यापायी मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घ्यावे लागतात. कारण पीठ कापताना मनात कोंबडा होता. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली, आणि कर्म भावाला चिकटते.

ही कथा प्रतिकृतीला निर्दोष ठरवत नाही आणि दोषीही ठरवत नाही. ती न्याय करते तो भावाचा. पिठाचा कोंबडा कापण्यासाठी केला होता. कापण्याचा हेतू त्याच्या घडणीतच होता. टेबलावरची बंदूक कोणावर रोखण्यासाठी केलेली नाही. ती कुठे बसवली होती आणि का काढली, हे सांगण्यासाठी केली आहे. मात्र जैन आचार्य इतक्या सहजी सोडणार नाहीत. पंखाखाली पाडलेल्या विमानांच्या खुणा रंगवताना, जळत्या शत्रुविमानाचा देखावा शेजारी उभा करताना मनात काय होते, हे ते विचारतील. तपासणीला प्रतिकृती पुरत नाही, कर्ता समोर लागतो.

किटच्या सांगाड्यात सगळ्यांत शेवटी सहसा एक तुकडा उरतो: बोटाच्या पेराएवढा वैमानिक, उभा धरला तर १:४८ मध्ये साडेतीन सेंटिमीटर. तो बसवायचा की नाही, हे कर्त्यावर सोडलेले असते. इतर दुपंखी विमानांत तो बसवला काय, न बसवला काय, फारसे कळत नाही. पंखाखाली, चौकटीआड तो झाकला जातो. डॉल्फिनमध्ये त्याचे डोके वरच्या पंखाच्या वर येते. बसवला तर विमान आकाशात आहे, पंखा फिरत आहे असे मानावे लागते, चाके जमिनीला टेकवता येत नाहीत, आणि त्या डोक्याला चेहरा द्यावा लागतो. न बसवला तर विमान छावणीत उभे आहे, आणि वरच्या पंखातली चौकट रिकामी दिसते.